मधुकररावांची स्टुलं

मधुकररावांच्या हातून आयुष्यात एकही खिळा सरळ गेला नव्हता. ही चहाडी नव्हे, ते स्वतःच चारचौघांत कौतुकानं सांगत. घरात साधं कॅलेंडर टांगायचं असलं तरी शामलाबाई शेजारच्या जागेश्वरांना हाक मारायच्या. जागेश्वर खुर्चीवर चढून खिळा ठोकायचे आणि मधुकरराव खाली उभे राहून कॅलेंडरवरच्या किल्ल्याला वेढा कुणी आणि कसा घातला ते समजावून सांगायचे. अशा माणसाला नागपूरच्या महाल भागातल्या लोकसेवा विद्यालयानं सुतारकामाचा मास्तर केलं, यात शाळेचा काही दोष नव्हता. दोष सगळा दहा अधिक दोनचा होता.

त्या वर्षी शिक्षणाचा नवा आकृतिबंध आला. अकरावीचा वर्ग शाळेतून उठला आणि कॉलेजात जाऊन बसला. वर्ग गेला, पण त्या वर्गाला इतिहास शिकवणारे मधुकरराव शाळेतच राहिले, आणि एके दिवशी मुख्याध्यापक चंपतरावांनी त्यांना बोलावून सांगितलं की सरकारच्या हिशेबानं ते आता 'अतिरिक्त' आहेत. हा शब्द मधुकररावांच्या फार जिव्हारी लागला. भाजीत मीठ अतिरिक्त होतं, लग्नात पाहुणे अतिरिक्त होतात. पण वीस वर्षं दरवर्षी न चुकता पानिपत लढलेला माणूस अतिरिक्त कसा होईल?

"दोन रस्ते आहेत," चंपतराव म्हणाले. "एक तं उमरेडच्या शाळेत जागा आहे, तिकडे जा. नाही तं कार्यानुभव नावाचा नवा विषय आला आहे, तो घ्या. पुण्याचा साहेब तपासणीले येईन. त्यानं मान्यता देली तं तुमची जागा इथंच पक्की. नाही देली तं दिवाळीनंतर उमरेड."

उमरेड काही काळं पाणी नव्हे. एस.टी. सुटते आणि पोचतेही. पण शामलाबाईंची बालवाडी महालात होती आणि ती सोडून त्या कुठं जाणार नव्हत्या. म्हणजे मधुकररावांनी तिकडं खोली घ्यायची, खानावळीत जेवायचं आणि रविवारी तेवढं घरी यायचं. शामलाबाईंशी रोज संध्याकाळी थोडं भांडल्याशिवाय ज्याला अन्न पचत नाही, त्यानं आठवड्याचं भांडण एका रविवारात कसं उरकायचं? त्या रात्री मधुकररावांना जेवण गेलं नाही. त्यांना शामलाबाईंना सोडून राहायचं नव्हतं, एवढंच खरं कारण होतं, आणि तेवढंच ते कुणाला सांगू शकत नव्हते. सकाळी जाऊन त्यांनी कार्यानुभव घेतला.

कार्यानुभवात बागकाम होतं, विणकाम होतं, साबण होता आणि सुतारकाम होतं. बागेला शाळेत माती नव्हती, विणकामाला माग नव्हता, आणि साबणाचं नाव काढताच विज्ञानाच्या शोभाताई "माझी प्रयोगशाळा जाळून टाकता काय?" म्हणून अंगावर आल्या. उरलं सुतारकाम. सरकारनं त्याचं प्रशिक्षणही दिलं. सकाळी 'श्रमाचे शैक्षणिक मूल्य', दुपारी 'श्रमाचे सामाजिक मूल्य' आणि दोन्ही मूल्यांच्या मध्ये चहा. करवत शेवटच्या दिवशी आली. तिच्याबरोबर सगळ्यांचा फोटो काढला आणि ती परत कपाटात गेली. फोटोत मधुकरराव करवतीच्या अगदी शेजारी उभे आहेत आणि दोघांपैकी तेच जास्त घाबरलेले दिसतात.

पुण्याहून आलेला आराखडा मात्र अगदी सोपा होता. प्रत्येक विद्यार्थ्यानं एक स्टूल तयार करावं. उत्पादन समाजोपयोगी असावं आणि त्यापासून विद्यार्थ्यास काही उत्पन्न व्हावं. बस. ज्यानं हे लिहिलं त्यानं स्टूल फक्त बसण्यापुरतं पाहिलं असणार.

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. आपल्याकडं एक बरं आहे, माणसाला काम येत नसलं तरी सल्ला येतोच. जागेश्वर रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. ते म्हणाले, "मधुकरराव, लाकूड घ्याचं तं सागवान घ्या. आडजात लाकूड म्हणजे जावई हाय. वरून गुळगुळीत दिसते, अन् पाणी लागलं का फुगते." त्यांचा स्वतःचा जावई त्या वेळी घरात बसून पोहे खात होता. इतवारीत खरादीचं, म्हणजे लाकूड कातण्याचं, दुकान असलेले ताराचंद म्हणाले, "मास्तर, तुम्ही फक्त बोट दाखवत जा. हात मधी घालू नोका." आणि समोरच्या वच्छलाबाईंनी, ज्यांना गल्लीतल्या प्रत्येक कार्याचा मुहूर्त ठाऊक असे, अमावास्येला करवत चालवायची नाही म्हणून ताकीद दिली.

पहिलं स्टूल मधुकररावांनी स्वतः केलं, मुलांना आदर्श असावा म्हणून. ते उभं राहिलं तेव्हा वर्गात टाळ्या झाल्या. मग मधुकरराव त्याच्यावर बसले आणि टाळ्या थांबल्या. स्टूल डुगडुगत होतं. एक पाय लांब होता हे उघड होतं, म्हणून त्यांनी तो कापला. आता बाकीचे तीन लांब झाले. त्यांतला जो जास्त लांब वाटला तो कापला, तेव्हा पहिला कापलेला पुन्हा लांब भरला. इतिहासात एक प्रदेश जिंकायला जावं आणि मागं दुसरा बंड करून उठावा, तसा हा प्रकार होता. मधुकरराव चिवट होते. त्यांनी माघार घेतली नाही. संध्याकाळपर्यंत गुडघ्याइतकं स्टूल वितीवर आलं, आणि तरीही डुगडुगतच राहिलं.

गुरू तसे चेले. मुलांनी सरांची पद्धत डोळ्यांत तेल घालून पाहिली होती, त्यामुळं प्रत्येकानं आधी उंच स्टूल केलं आणि मग कापत कापत खाली आणलं. श्रावण निम्मा उलटला तेव्हा शाळेच्या पडवीत बुटक्या, आखूड पायांच्या, पाठीवर सपाट अशा वस्तूंची रांग लागली होती. त्यांवर बसायला गेलं तर गुडघे कानाला लागत. चंपतराव रोज एकदा येऊन रांगेकडं पाहत, सुस्कारा सोडत आणि म्हणत, "उमरेडची हवा चांगली हाय म्हणतात."

एक दिवस वच्छलाबाई शाळेच्या फाटकातून आत आल्या. नातवाचा डबा द्यायला आल्या होत्या, पण पडवीपाशी थबकल्या. हनुवटीला बोट लावून त्यांनी सगळी रांग न्याहाळली आणि कौतुकानं म्हणाल्या, "बाप्पा! काय सुंदर बैल केले हो मास्तर! मुंडके केव्हा लावता?"

मधुकररावांच्या अंगाची लाही लाही झाली. "वच्छलाबाई, हे स्टूल हायेत."

"हाव का?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एवढी दया आली की त्यापेक्षा ओरडा खाल्ला असता तर मधुकररावांना बरं वाटलं असतं. "असू द्या. पोळ्याले अजून टाइम आहे."

हा टोमणा नव्हता. विदर्भात पोळ्याला शेतकऱ्याचे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लेकरांचा. त्या दिवशी घरोघरची चिमुरडी चाकांवरचे लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत दारोदार फिरतात आणि ज्याच्यासमोर बैल उभा राहील त्यानं लेकराच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं. त्याला बोजारा म्हणतात. चांगला लाकडी बैल घ्यायचा तर पैसे पडतात, आणि वच्छलाबाईंना तो पडवीत आयता दिसला होता.

मधुकररावांनी दोन दिवस राग धरला. रविवारी दुपारी मात्र ते एकटेच शाळेत गेले. कशाला गेले हे त्यांनी शामलाबाईंनाही सांगितलं नाही. कापलेल्या पायांच्या तुकड्यांचा ढीग पडला होता. त्यातला एक जाडसा तुकडा त्यांनी घेतला, कोपरे उडवले, पटाशीनं दोन डोळे कोरले. हात नेहमीसारखाच वाकडा चालत होता, पण गंमत अशी की बैलाच्या तोंडाला सरळ रेघ लागतच नाही. घाम पुसून त्यांनी ते मुंडकं स्टुलाला ठोकलं, मागं सुतळीची शेपटी लावली आणि दोन पावलं मागं सरकून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून अशी वस्तू निघाली होती, जी काय आहे ते कुणाला सांगावं लागत नव्हतं. मधुकररावांना इतका आनंद झाला की त्यांनी इकडंतिकडं पाहून बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

सोमवारी मुलांनी तो पाहिला आणि मग कुणाला आवरणं शक्य नव्हतं. जी मुलं स्टुलाच्या तासाला पोटदुखी सांगून घरी जायची, ती आता शाळा सुटल्यावरही जाईनात. कुणी शिंगं केली, कुणी पत्र्याचे कान केले. ताराचंदांनी हात मधी घालू नका म्हणणं सोडून स्वतःच खरादीवर चाकं काढून दिली. आणि चाकं लागताच महिनाभराचा तो डुगडुगण्याचा रोग पार गेला, कारण डुगडुगणाऱ्या स्टुलाला लोक हसतात, पण बैल जरा झोके घेत चालला तर त्याला डौल म्हणतात. मधुकरराव वर्गात ओरडत होते, मुलांना रंधा धरायला शिकवत होते, स्वतःही शिकत होते. घरी जाऊन त्यांनी जागेश्वरांना न बोलावता एक खिळा ठोकला. तो वाकडाच गेला, पण कॅलेंडर टिकलं. पोळ्याच्या आधी सगळे बैल रंगवायला म्हणून मुलांबरोबर घरी गेले आणि घरच्या धाकट्यांनी ते लगेच ताब्यात घेतले.

पोळ्याच्या दिवशी सकाळी चंपतराव धापा टाकत मधुकररावांच्या दारात आले. हातात तार होती. पुण्याचे परचुरे साहेब उद्या तपासणीला येत होते.

"उद्या तान्हा पोळा हाय!" मधुकरराव म्हणाले. "शाळेले सुट्टी हाय!"

"पुण्याले कुठचा तान्हा पोळा? त्यायच्या कॅलेंडरात तो नाहीच. अन् उद्या नाही म्हणलं तं साहेब पुन्हा संक्रांतीपर्यंत येत नाही. तोपर्यंत तुम्ही उमरेडले. जा, ते स्टूल गोळा करून आणा."

"त्यायले मुंडके लागले आहेत, सर."

"काढा मुंडके! खिळ्याचेच हायेत ना?"

पोळ्याच्या दिवशी भर महालात घरोघर जाऊन बैलाचं मुंडकं काढायला मागणं, ही कल्पना मुख्याध्यापकालाच सुचू शकते. मधुकरराव पहिल्यांदा वच्छलाबाईंकडे गेले. त्यांच्या नातीनं, लहानग्या प्रेमलतानं, मधुकररावांनी केलेला पहिलाच बैल हक्कानं नेला होता. तो पाटावर उभा होता. कपाळी हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात पुरणाची पोळी. मधुकररावांनी चाचरत विषय काढला. वच्छलाबाईंनी पदर खोचला.

"मास्तर, पूजा झालेल्या बैलाचं मुंडकं काढता? आज? पोळ्याले? तुमच्या घरचे लोक काय म्हणतीन, याचा तरी विचार करा!"

आवाज ऐकून दोन्ही बाजूंच्या बाया दारात आल्या. मधुकररावांना कळेना, आपण सुतारकामाचे मास्तर आहोत की खाटीक. प्रेमलतानं बैलाला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि भोकाड पसरलं. मधुकरराव पोळी न खाता परत आले, आणि पोळ्याच्या दिवशी पोळी न खाता परत येणं ही 'अतिरिक्त' ठरल्यानंतरची त्यांच्या आयुष्यातली दुसरी मोठी मानहानी. दुसऱ्या घरी जायची त्यांची हिंमत झाली नाही.

चंपतराव मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी मंडपवाल्याकडून भाड्यानं स्टुलं आणली. गोल, गुळगुळीत, पॉलिश केलेली. पडवीत ती रांगेनं लागली तेव्हा मधुकररावांनी फक्त एवढंच विचारलं, "हे बरोबर हाय का सर?"

"तुम्हाले उमरेडले जाचं हाय का?"

मधुकरराव स्टुलांची रांग सरळ करायला लागले.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी नागपुरात मारबत निघते. रोगराई, महागाई आणि नको असलेलं सगळं घेऊन जा म्हणून लोक मोठमोठ्या पुतळ्यांमागं ओरडत जातात. परचुरे साहेबांची सायकलरिक्षा नेमकी त्या गर्दीत सापडली. आजूबाजूला हजारो लोक हात वर करून "घेऊन जा गे मारबत!" म्हणून गर्जत होते, आणि साहेबांचा पक्का समज झाला की हे शिक्षणखात्याविषयी चाललं आहे. दुपार कलल्यावर ते शाळेत पोचले तेव्हा टोपी तिरकी झाली होती आणि बुटावर कुणाचा तरी पाय पडला होता.

"या शहरात आज काय आहे?" त्यांनी विचारलं.

"रोजच असते जी," चंपतराव म्हणाले आणि त्यांना पडवीत घेऊन गेले.

साहेबांनी एक स्टूल उचललं, हलवलं, खाली ठेवून त्यावर बसले. ते डुगडुगलं नाही. "वा. फारच सफाईदार. हे आठवी-नववीच्या मुलांनी केलं?"

"सगळं त्यायनंच," चंपतराव म्हणाले.

"आणि मार्गदर्शन यांचं?" साहेबांनी मधुकररावांकडं आदरानं पाहिलं आणि पेन काढलं. एवढ्यात फाटकाबाहेरून गडगडाट आला. मधुकररावांनी वाकून पाहिलं. प्रेमलता त्यांचा बैल ओढत चालली होती. खाचखळग्यांतून बैल मान हलवत, शेपटी उडवत, ऐटीत निघाला होता आणि समोरचा पानवाला उठून त्याला हात जोडत होता. मधुकरराव साहेबांच्या पेनासमोर येऊन उभे राहिले. खरं बोलावं म्हणून नव्हे हो. खरं बोलायचं असतं तर ते सकाळीच बोलले असते. त्यांना हेवा वाटला. मंडपवाल्याच्या स्टुलांचं कौतुक आपल्या पदरात पडतंय आणि आपला बैल बेवारशासारखा बाहेरून चाललाय, हे त्यांना सहन झालं नाही.

"साहेब," ते म्हणाले, "यातलं एकही आमचं नाही, हे भाड्याचे हायेत. आमचे बाहेर रस्त्यावर हायेत."

चंपतरावांनी डोळे मिटून घेतले. साहेब उठले, भाड्याच्या स्टुलाकडं एकदा पाहिलं आणि पायऱ्या उतरून रस्त्यावर आले.

रस्ता लाकडी बैलांनी भरला होता. मागून मोठी भावंडं, म्हणजे कार्यानुभवाचा अख्खा वर्ग, आपापल्या कामावर नजर ठेवून चालत होता. साहेबांनी चष्मा पुसला. एक बैल उचलला, उलटा केला, चाकाचा दांडा ओढून पाहिला, पायाचा सांधा दाबून पाहिला.

"आराखड्यात स्टूल आहे," ते कोरडेपणानं म्हणाले.

"स्टूलच होतं, साहेब. चार पाय हायेत, मोजून घ्या."

"याला डोकं आहे."

"ते नंतर आलं," मधुकरराव म्हणाले.

"आणि ही मुलगी माझ्यासमोरून हलत का नाही?"

"बोजारा पाह्यजे तिले. बैल समोर उभा राह्यला का काहीतरी द्या लागते."

साहेबांनी खिशात हात घातला आणि प्रेमलताच्या हातावर नाणं ठेवलं. चूक तिथंच झाली. नागपूरच्या लेकरांना पुण्याचा साहेब रोज मिळत नाही. क्षणात सगळे बैल वळले. साहेब मागं सरकले तर मागं बैल, बाजूला सरले तर बाजूला बैल. त्यांची सुटी नाणी संपली, मग त्यांनी चंपतरावांकडून उसनी घेतली, चंपतरावांची संपली तेव्हा पानवाल्यानं नोट मोडून दिली. मोठी मुलं मात्र बाजूला होऊन साहेबांना सांगत होती की हे शिंग माझं, हा कान माझा, या चाकाला मी तीनदा भोक पाडलं. साहेब घामाघूम होऊन ऐकत होते. शेवटी ते रिक्षात बसले. "अहवाल पाठवतो," एवढंच म्हणाले, आणि चेहऱ्यावरून काहीएक कळलं नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. चंपतराव मधुकररावांशी बोलत नव्हते. जागेश्वरांनी उमरेडच्या एस.टी.चं वेळापत्रक न मागता आणून दिलं. एक दिवस शामलाबाईंनी माळ्यावरून ट्रंक काढून उन्हात ठेवली. मधुकरराव त्या ट्रंकेशेजारी जाऊन बसले. "मी बोललो नसतो तं..." ते म्हणाले.

"बोलले नसते तं मी रागावले असते," शामलाबाई म्हणाल्या, आणि ट्रंक पुसायला लागल्या. त्यांचेही डोळे भरले होते, पण त्या म्हणाल्या धूळ आहे.

दसऱ्याच्या आधी अहवाल आला. चंपतरावांनी तो शिक्षकांच्या खोलीत उभं राहून वाचला, सुरुवातीला पडलेल्या आवाजात. स्टुलाऐवजी अन्य वस्तू बनवण्यापूर्वी पूर्वपरवानगी घेतली नाही, सबब समज देण्यात येत आहे. भाड्याची स्टुलं पुन्हा कधीही मांडू नयेत. इथं ते खोकले. "'उत्पादन समाजोपयोगी असल्याचे रस्त्यावर आढळले. त्यापासून विद्यार्थ्यांच्या कुटुंबास तत्काळ व रोख उत्पन्न होते, याची खात्री निरीक्षकाने स्वतःच्या खिशातून करून घेतली आहे. विषयास व शिक्षकास मान्यता.'"

मधुकररावांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. मग छत्री शाळेतच विसरून ते तडक घरी आले. शामलाबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"राह्यलो वं," मधुकरराव म्हणाले. "इथंच राह्यलो."

शामलाबाईंनी सूप खाली ठेवलं. मग त्यांनी नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बरं झालं. आता एवढे सुतार झालेच आहा, तं मले बसाले एक साधा पाट करून द्या. निस्ता पाट. डोकं-बिकं लावू नोका."

मधुकररावांनी जरा विचार केला. आयुष्यात आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"डोक्याशिवाय मले जमत नाही वं," ते म्हणाले.